मतलई वारा आणि आमचा असेंब्ली पॉइंट

आमच्या सुरक्षा रजिस्टरात पाच वर्षांच्या पानांवर जवळजवळ एकच वाक्य आहे: ‘मॉक ड्रिल यशस्वी. सर्व कामगार 3 मिनिटे 40 सेकंदांत असेंब्ली पॉइंटला हजर.’ एका वर्षी 40 च्या जागी 50 आहे, एवढाच फरक. असेंब्ली पॉइंट म्हणजे धोक्याच्या वेळी सगळ्यांनी जमायची जागा. हस्ताक्षर माझं आहे आणि आकडे खरे आहेत. स्टॉपवॉच मीच धरून उभा असायचो. तरीही डिसेंबरातल्या एका पहाटे अमोनिया सुटला, तेव्हा आमची माणसं त्याच असेंब्ली पॉइंटकडे धावली आणि वायूही नेमका तिकडेच गेला.

त्या पहाटेची आणि पुढच्या साधारण सव्वा वर्षाची ही हकीकत आहे. कारखान्याचं नाव देत नाही. कोकणात, समुद्रापासून थोडं आत, सड्यावरच्या एका औद्योगिक वसाहतीतला मासळी प्रक्रियेचा कारखाना, एवढं पुरेसं आहे. कोळंबी येते, सोलली जाते, प्लेट फ्रीझर किंवा ब्लास्ट फ्रीझरमध्ये गोठते आणि रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून बंदराकडे जाते. मी तिथे रेफ्रिजरेशन आणि मेंटेनन्स बघतो. हजाराहून कमी कामगार असलेल्या आमच्यासारख्या कारखान्यात तेव्हा वेगळा सेफ्टी ऑफिसर सहसा नसायचा. ते काम मेंटेनन्सच्या माणसाच्या गळ्यात पडायचं, तसं माझ्या पडलं.

आधी अमोनियाबद्दल. माल गोठवण्यासाठी पाइपांतून खेळवतात तो हाच. शीतगृहाच्या धंद्यात त्याला पर्याय शोधणारे बरेच आहेत, पण आमच्या आकाराच्या प्लांटला तो अजून परवडतो आणि काम चोख करतो. तो उणे 33 अंशांना उकळतो, म्हणजे पाइपाबाहेर आलेला द्रव लगेच वायू व्हायला लागतो आणि त्याचं आकारमान साडेआठशे पटींच्या आसपास वाढतं. आठ तासांच्या कामासाठी हवेत 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25 भाग) ही मर्यादा धरतात, थोड्या वेळासाठी 35. 300 पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. नाकाला तो त्याच्या कितीतरी आधी कळतो, हा त्याचा मोठा गुण. हवेपेक्षा हलका, म्हणून वर निघून जातो असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि कोरड्या, मोकळ्या हवेत ते खरंही आहे. पण दमट हवेत द्रव अमोनिया फवाऱ्यासारखा बाहेर पडला, की थंडगार पांढरं धुकं तयार होतं आणि ते जमिनीलगत सरपटतं. वारा नेईल तिकडे जातं. कोकणातली पहाट किती दमट असते हे सांगायला नको.

आमच्याकडे ड्रिल वर्षातून दोनदा व्हायचं. 4 मार्चला, कारण तो राष्ट्रीय सुरक्षा दिन, आणि 14 एप्रिलला, कारण तो अग्निशमन सेवा दिन. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. तारखा आदराच्या आहेत. पण दोन्ही सहा आठवड्यांच्या आत येतात आणि पुढचे साडेदहा महिने कोरडे जातात, हे मला पाच वर्षांत एकदाही खटकलं नाही. वेळ दोन्हीकडे सकाळी साडेअकराची, कारण तेव्हा जनरल शिफ्ट असते, ऑफिसची मंडळी असतात, फोटोला उजेड चांगला असतो. आदल्या दिवशी नोटीस लागायची. अकरा वाजता सुपरवायझर हॉलमध्ये सांगून यायचे, की आता भोंगा होईल, हातातलं काम आवरत आणा. सव्वाअकराला बायका एप्रन सोडायला लागायच्या. मग 3 मिनिटं 40 सेकंद लागणारच.

कायदा काय म्हणायचा, तेही थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 38 आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा आणि त्या वाटांची कामगारांना असलेली ओळख, दोन्ही मागायचं. घातक रसायनांचा मोठा साठा असणाऱ्यांना 1989 च्या नियमांखाली आपत्कालीन आराखडा करावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याचं मॉक ड्रिल घ्यावं लागतं. आमचा अमोनिया चार टनांच्या आसपास, म्हणजे त्या मोठ्या साठ्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. कागदावर आम्ही लहान. चार टनांत किती माणसं गुदमरू शकतात याचा हिशेब कुठल्याही तक्त्यात नसतो, तो आपणच करायचा असतो. मी केला नव्हता.

त्या पहाटे साधारण पावणेपाचला कॉम्प्रेसर रूममध्ये तेल काढायचं काम चाललं होतं. कॉम्प्रेसरचं तेल अमोनियाबरोबर वाहत जाऊन खालच्या भांड्यांत साठतं आणि ते वेळोवेळी काढावं लागतं. या धंद्यात तेल काढतानाच सर्वांत जास्त घात होतात, हे प्रत्येक जुना ऑपरेटर सांगेल. थंडीत तेल घट्ट झालेलं असतं, थेंबथेंब येतं, कंटाळा येतो. ऑपरेटरनं व्हॉल्व्ह जरा जास्त उघडला आणि पलीकडे गेज बघायला वळला. तेल संपलं आणि मागून अमोनिया आला. तो माणूस अनुभवी होता. त्यानं तोंडाला ओला रुमाल लावून कसाबसा बाहेर पळ काढला आणि सायरनचं बटण दाबलं. श्वसनाचे दोन बीए सेट होते, म्हणजे मुखवटा आणि त्याला जोडलेलं हवेचं सिलिंडर. ते कुठे होते? कॉम्प्रेसर रूमच्या आतल्या कपाटात, कुलपात. किल्ली शिफ्ट इनचार्जच्या ड्रॉवरमध्ये. हे वाक्य लिहिताना आजही मला लाज वाटते.

पीलिंग हॉलमध्ये, म्हणजे कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये, त्या वेळी साठेक बायका होत्या. बोटी रात्री लागतात, माल थांबत नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम 66 मध्ये बायकांच्या रात्रीच्या कामावर बंधन घालतानाच मासळी टिकवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांसाठी सवलतीची तरतूद ठेवली होती, ती याच कारणानं. म्हणजे आमच्या कामाचा ऐन भर रात्री आणि पहाटेच असतो, आणि ड्रिल मात्र साडेअकराचं.

सायरन झाला. तो शिफ्ट सुटण्याच्या भोंग्यासारखाच होता, फक्त जास्त वेळ वाजायचा. किती जास्त, हे कळायला तो संपेपर्यंत थांबावं लागतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शिफ्ट सुटायला अजून सव्वा तास होता. कुणीतरी म्हणालं, घड्याळ चुकलं असेल. मग वास आला आणि सगळ्या उठल्या.

त्यानंतर जे झालं ते मी स्वतः पाहिलं नाही, नंतर सीसीटीव्हीवर पाहिलं, आणि एकट्यानं बसून चार-पाच वेळा पाहिलं. साठ बायका चेंज रूमच्या दारात रांगेत उभ्या राहिल्या आणि गमबूट काढू लागल्या.

ज्यांनी अशा कारखान्यात काम केलेलं नाही त्यांना हे वेडेपणाचं वाटेल. पण आम्हीच त्यांना तसं घडवलं होतं. निर्यातीच्या मालाला स्वच्छतेचे नियम कडक असतात. हॉलचे गमबूट हॉलबाहेर न्यायचे नाहीत, बाहेरच्या चपला आत आणायच्या नाहीत, आत येताना क्लोरीनच्या पाण्यातून पाय बुडवून यायचं. हा नियम दिवसातून सहा-आठ वेळा, वर्षाचे तीनशे दिवस पाळला जातो, मोडला तर ओरडा बसतो, पगारातून पैसेही कापले जातात. ड्रिल वर्षातून दोनदा. घाबरल्यावर माणसाचं शरीर रोजच्या सवयीकडे जातं. आणि साडेअकराच्या ड्रिलमध्ये हे कधी दिसलंच नव्हतं, कारण क्यूसीची, म्हणजे क्वालिटी विभागाची, मुलगी दारात उभी राहून सांगायची, ‘आज गमबूट घालून गेलात तरी चालेल.’ त्या पहाटे दारात ती नव्हती.

गमबूट काढून, चपला शोधून बायका बाहेर आल्या आणि शिकवल्याप्रमाणे गेटकडे गेल्या. कारखान्याचं मुख्य गेट पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला. गेटशेजारी करंजाचं झाड आणि त्याखाली हिरवा बोर्ड: असेंब्ली पॉइंट. वॉचमननंही शिकवल्याप्रमाणे गेट बंद केलं, कारण ड्रिलमध्ये मोजणी होईपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही असा आमचा नियम होता. माल चोरीला जाऊ नये हेही त्या नियमामागे होतं, ते मी लपवत नाही. आणि कॉम्प्रेसर रूमकडून ते पांढरं धुकं गुडघाभर उंचीनं अंगणातून सरकत गेटकडे यायला लागलं.

तिथे एक मावशी होत्या, मालवणकडच्या, वय पन्नाशीच्या पुढे, माहेर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणाऱ्यांचं. त्यांनी ओढणी नळाखाली धरली, तोंडाला लावली आणि ओरडल्या, ‘गेटाकडे नको, हंयसून चला!’ आणि त्या कुंपणाच्या कडेनं दक्षिणेला, आइस प्लांटच्या मागे चालू लागल्या. वाऱ्याला आडव्या. बाकीच्या त्यांच्यामागून गेल्या. धुक्यात सापडलं तर वाऱ्याच्या बरोबर पळायचं नाही, आडवं निघून बाहेर पडायचं, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, जायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

चौघींना डोळ्यांची आणि घशाची जळजळ होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. तिघी त्याच दिवशी घरी आल्या, चौथी दोन दिवस राहिली. ऑपरेटरच्या हाताला थंड भाजल्यासारखी जखम झाली. 108 ला फोन वॉचमननं केला, पण पलीकडून प्लॉट नंबर विचारल्यावर त्याला सांगता येईना. ‘बर्फाच्या कारखान्याच्या पुढे’ असं तो सांगत राहिला आणि वसाहतीत बर्फाचे कारखाने तीन. गळती मी येऊन किंग व्हॉल्व्ह, म्हणजे द्रव अमोनियाचा मुख्य व्हॉल्व्ह, बंद केल्यावर थांबली. आत नक्की कुणी उरलेलं नाही, हे कळायला 47 मिनिटं लागली. एक हमाल सापडत नव्हता. तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत होता.

तीन-चार दिवसांनी मी त्या मावशींशी बोलायला गेलो. विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. ‘रातीचो वारो डोंगराकडसून येता, साहेब. तुमका म्हायत नाय?’

मला माहीत होतं. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून. पेपरात दोन मार्कांना यायचं. आमच्या पाचही वर्षांच्या ड्रिलमध्ये, मार्च-एप्रिलच्या साडेअकराला, वारा पश्चिमेकडून सुटायला लागलेला असायचा आणि पश्चिमेचं गेट सुरक्षित असायचं. डिसेंबरच्या पहाटे वारा पूर्वेच्या डोंगराकडून समुद्राकडे वाहत होता आणि कॉम्प्रेसर रूम होती वाऱ्याच्या वरच्या अंगाला. असेंब्ली पॉइंटची जागा चुकीची होती असं म्हणणंही पूर्ण बरोबर नाही. ती अर्ध्या दिवसापुरती बरोबर होती. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, होता, ऑफिसच्या गच्चीवर. तो एका बाजूनं फाटलेला आणि रात्री दिसायला त्याच्यावर दिवा नव्हता. शिवाय तो बघायला कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण जायची जागा एकच होती. मग बघायचं कशाला?

सुधारणा करायला घेतल्यावर पहिली गोष्ट व्हॉल्व्हची केली. तेल काढायच्या जागी स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसवला आणि तेल दोघांनीच काढायचं असं ठरवलं. हे आधी सांगतो, कारण ड्रिल सुधारण्याच्या उत्साहात मूळ गळती थांबवायची राहून जाते, असं मी आजूबाजूच्या प्लांटमध्ये पाहिलं आहे. बीए सेट कॉम्प्रेसर रूमबाहेर, दोन वेगळ्या बाजूंना, काचेच्या दाराच्या पेटीत आणले. कुलूप नाही. दर सोमवारी सिलिंडरचा दाब लिहायचा, आणि दर महिन्याला दोन ऑपरेटरांनी तो खरोखर चढवून दहा मिनिटं चालून दाखवायचं. पहिल्या महिन्यात एकाला मुखवटा लावायला साडेचार मिनिटं लागली, दाढीमुळे कडेनं हवा येत होती. तो चिडला, मीही चिडलो. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला.

भोंगे वेगळे केले. शिफ्टचा जुनाच ठेवला, धोक्याचा चढउतार करणारा घेतला आणि हॉलमध्ये पाण्याच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून फिरता लाल दिवाही लावला. आधी रेकॉर्ड केलेली सूचना इंग्रजीत होती, ती काढली. हॉलमध्ये मराठी, मालवणी, कानडी, मल्याळी, ओडिया, नेपाळी सगळं चालतं. कुठल्या भाषेत सांगायचं यावर दोन बैठका गेल्या. शेवटी मुकादम बायकांनीच सुचवलं, की तीनच शब्द ठेवा आणि ते सगळ्यांना पाठ करून घ्या: ‘बूट नको, बाहेर.’ गमबूट काढू नका, तसंच बाहेर पडा. क्वालिटी विभागाला ते लगेच पटलं नाही. मग आम्ही लेखी करून घेतलं, की धोक्याच्या भोंग्यानंतर हॉल पुन्हा सुरू करण्याआधी पूर्ण धुतला जाईल, सगळे गमबूट निर्जंतुक केले जातील आणि त्या वेळी गमबूट बाहेर नेल्याबद्दल कुणाचाही एक पैसा कापला जाणार नाही. ते पत्र चेंज रूमच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावलं. ते पत्र लावल्यावर बायका ड्रिलबद्दल मोकळेपणानं बोलायला लागल्या.

मागच्या दारावर मात्र खरी ओढाताण झाली. पूर्वेला, आइस प्लांटच्या मागे एक लहान गेट होतं, पलीकडे काजूची बाग. दुसरा असेंब्ली पॉइंट तिथेच हवा होता. पण ते गेट कायम कुलपात, कारण पूर्वी तिथून कोळंबीच्या पेट्या गेल्या होत्या. सुरक्षा ठेकेदार म्हणे, किल्ली माझ्याकडेच राहील, भोंगा झाला की माझा माणूस येऊन उघडेल. माझ्या डोळ्यांसमोर चीनमधल्या दहुईचा पोल्ट्री कारखाना होता. 2013 च्या जूनमध्ये तिथे आग लागली, अमोनियाही सुटला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं मेली. बाहेर पडायची दारं कुलपात होती. मी ते फोटो व्यवस्थापकांना दाखवले. तरीही महिनाभर निर्णय झाला नाही. चोरीची भीती खोटी नव्हती आणि तिला उत्तर दिल्याशिवाय नुसता आग्रह धरून उपयोग नव्हता. शेवटी आतून दांडा ढकलला की उघडणारं दार बसवलं, बाहेरून बंद, आणि उघडलं की गेटवर घंटा वाजते. चोरीही थांबली आणि वाटही मोकळी झाली. खर्च एका कंटेनरच्या भाड्याहून कमी आला.

विंडसॉक दोन केले, एक आइस प्लांटच्या छपरावर, एक चेंज रूमच्या दारातून सरळ दिसेल असा, दोन्हीवर दिवा. आणि शिकवलं ते इतकंच: बाहेर आलात की आधी वर बघा, कापड जिकडे उडतंय तिकडे जायचं नाही. असेंब्ली पॉइंट दोन, कुठला ते वारा ठरवेल.

मग पहिलं रात्रीचं ड्रिल. न सांगता घ्यायचं असं मी हट्टानं ठरवलं, आणि ते चुकलं. पहाटे चार वाजता भोंगा झाला, बायका खरंच घाबरून पळाल्या आणि ओल्या लादीवर घसरून एकीचं मनगट मोडलं. ती दीड महिना कामावर येऊ शकली नाही. पगार दिला, उपचार केले, पण ड्रिलमध्ये कुणाचं हाड मोडावं याला समर्थन नाही. त्यानंतरचा आमचा नियम असा: ‘या आठवड्यात ड्रिल आहे’ हे सांगायचं, दिवस आणि वेळ सांगायची नाही. गरोदर बायका आणि गुडघ्याचा त्रास असलेल्यांची नावं मुकादमाकडे, त्यांच्यासोबत कोण चालणार हेही ठरलेलं. हॉलमधून बाहेर पडायच्या वाटेवर खरबरीत पट्ट्या. आणि कुणी पळायचं नाही, भरभर चालायचं. ड्रिलसाठी काम थांबलं की टेबलावरच्या कोळंबीचं तापमान चढतं, हा उत्पादन विभागाचा आक्षेप रास्त होता. म्हणून बर्फ घालूनच उठायचं असं आधी ठरवत होतो. पण मग ती पुन्हा एक सवय लागली असती: भोंगा झाला, बर्फ घाला, मग निघा. ते रद्द केलं. आता निरीक्षकांपैकी एक जण हॉल रिकामा झाल्यावर टेबलांवर बर्फ टाकतो.

मोजणीनं मला सर्वांत जास्त शिकवलं. जुन्या ड्रिलमध्ये सुपरवायझर असेंब्ली पॉइंटला उभ्या असलेल्या माणसांची यादी करायचे आणि तीच यादी ‘सर्व हजर’ म्हणून माझ्याकडे यायची. जो आलाच नाही त्याचं नाव अशा यादीत कसं दिसणार? हे सिद्ध करायला मी तिसऱ्या ड्रिलमध्ये एका फिटरला आधीच सांगून पॅकिंगच्या खोक्यांच्या गोदामात बसवलं. भोंगा झाला, लोक बाहेर आले, मोजणी झाली. सहाव्या मिनिटाला चार विभागांचे चार कागद माझ्या हातात आले. चौघांचीही सही, चारही कागदांवर ‘सर्व हजर’. मी काहीच बोललो नाही. गोदामाकडे चालत गेलो, फिटरचा हात धरून त्याला अंगणात आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. कुणी हसलं नाही. त्याच्याच विभागाचा सुपरवायझर रडायला आला होता. दोघं एकाच गावचे.

त्या दिवसापासून मोजणी आत आलेल्या माणसांच्या यादीवरून होते. प्रत्येक माणूस आत येताना गेटवरच्या फळीवरून आपला पितळी बिल्ला उचलून गळ्यात घालतो, बाहेर जाताना परत लावतो. कंत्राटी कामगार, हमाल, कँटीनचा पोरगा, पाहुणे, सगळे. मोजताना फक्त एवढंच बघायचं, की जेवढे बिल्ले फळीवर नाहीत तेवढी माणसं समोर आहेत का. संगणकीय हजेरी आमच्याकडे आहे, पण वीज गेल्यावर ती फळी कामाला येते. ठेकेदारांनी सुरुवातीला खळखळ केली, कारण हजेरी वहीतले आकडे आणि बिल्ल्यांचे आकडे जुळेनात. ते का जुळेनात, हा वेगळा विषय, पण तोही त्यामुळे उघड झाला.

निरीक्षक पाच, कुणीही ड्रिलमध्ये भाग घेत नाही. प्रत्येकानं एकच गोष्ट बघायची आणि घड्याळ लावून लिहायची: वास आल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ, भोंग्यापासून पहिली व्यक्ती उठेपर्यंत किती, शेवटची बाहेर कधी, बीए सेट कधी चढला, 108 आणि 101 ला नेमकं काय सांगितलं. फोनशेजारी आता मोठ्या अक्षरांत प्लॉट नंबर, रस्त्याची खूण आणि ‘अमोनिया गळती’ हे शब्द लिहिलेले आहेत. वॉचमननं ते वाचायचं. दर वेळी एक अडथळा नवीन. एकदा चेंज रूमच्या वाटेवर लाल पाटी उभी केली, ‘ही वाट बंद’. एकदा सुपरवायझरलाच बाजूला बसवलं, तो ‘बेशुद्ध’, बघू कोण पुढे येतं. एकदा भोंग्याची वीज तोडली आणि हातानं फिरवायचा भोंगा काढावा लागला. तो गंजलेला निघाला.

ड्रिल संपल्यावर त्याच अंगणात, चहा घेताना, पंधरा मिनिटं बोलायचं आणि आधी बायकांनी बोलायचं. हे मी मुद्दाम ठरवलं, कारण साहेब आधी बोलला की बाकीचे मान हलवतात. काजूच्या बागेच्या वाटेवर रात्री साप असतो, तिथे दिवा हवा, हे अशाच एका चहात कळलं. डोळे धुवायचा नळ कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीला होता, म्हणजे गळती झाली तर नेमका पोचता न येणारा, हेही. अमोनिया डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं सतत पाण्यानं धुवायचं असतं. दोन्ही असेंब्ली पॉइंटना आता नळ आहेत.

आकडे बिघडले. जुन्या रजिस्टरात 3 मिनिटं 40 सेकंद होतं, पहिल्या रात्रीच्या ड्रिलला 14 मिनिटं लागली, दुसऱ्याला 11. मुख्य कार्यालयातून विचारणा आली, की कामगिरी खालावली आहे का. मी दोन्ही सीसीटीव्ही चित्रफिती पाठवल्या, साडेअकराची आणि पहाटेची, शेजारी शेजारी. पुन्हा विचारणा आली नाही. आता वर्षात सहा ड्रिल होतात, दोन दिवसा, दोन संध्याकाळी, दोन पहाटे, आणि त्यातलं एक भर पावसाळ्यात, जेव्हा नैऋत्येचा वारा रात्रंदिवस एकाच बाजूनं झोडपतो आणि विंडसॉक भिजून लोंबतो. पावसात तो काही दाखवतच नाही, हेही ड्रिलमुळेच कळलं. तिथे आता पत्र्याचा वातकुक्कुट आहे.

सगळं सुटलेलं नाही. रीफर कंटेनरचे ड्रायव्हर केबिनमध्ये काच बंद करून झोपतात, त्यांना भोंगा ऐकू येत नाही, आणि बिल्ला घ्यायला ते उतरत नाहीत. वसाहतीतल्या शेजारच्या दोन कारखान्यांशी परस्पर मदतीचं बोलणं चालू आहे, पण आमचं धुकं त्यांच्या अंगणात गेलं तर त्यांना कोण आणि कसं कळवणार, हे कागदावर यायचंय. कोळंबीचा हंगाम बदलला की निम्म्या बायका बदलतात आणि नव्यांना सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी कामाला बसवण्याआधी दोन्ही असेंब्ली पॉइंटपर्यंत चालवून आणायचं, एवढं आम्ही पाळतो. ते काम मावशींकडे दिलं आहे, आणि त्याचा वेगळा भत्ता मंजूर करून घेतला.

परवाच्या जानेवारीतल्या पहाटेचं ड्रिल मी चेंज रूमच्या समोर उभा राहून पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. पहिली बाई 20 सेकंदांत दारात आली, गमबुटात, एप्रन तसाच. बाहेर पाऊल टाकल्याबरोबर थांबली आणि वर पाहिलं. दिव्याखाली कापड पश्चिमेकडे ताणलेलं होतं. ती उजवीकडे वळली, आइस प्लांटच्या बाजूला, आणि मागच्या सगळ्या तिच्यामागून. दोन मुली, आठवड्यापूर्वीच लागलेल्या, सवयीनं गेटकडे निघाल्या होत्या. एकीनं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना फिरवलं. रजिस्टरात नोंद केली ती अशी: ‘वेळ 8 मिनिटे 15 सेकंद. वारा पूर्वेकडून. फळीवर नसलेले बिल्ले 83, हजर 82. कमी असलेला माणूस कँटीनमध्ये सापडला, स्टोव्ह बंद करत होता. दोन ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेले, बिल्ले घेतलेच नव्हते, म्हणून मोजणीत नाहीत. उपाय: पुढच्या ड्रिलआधी केबिनची काच वाजवायला माणूस नेमणे, कँटीनचा गॅस बाहेरून बंद करायची सोय करणे.’

गॅसचं काम झालं. काच वाजवायला माणूस अजून मिळालेला नाही.